दागिन्यांची पेटी घरीच घडवा

कष्टकऱ्याच्या घरी दागिने ते किती? चार सोन्याचे मणी, आईचे चांदीचे पैंजण. पण ते बिस्किटाच्या डब्यात का ठेवायचे? दर रविवारी थोडे थोडे काम केले तर सागवानाची सुबक पेटी घरीच होते. जुन्या पलंगाची फळीही चालते. फक्त आधी खिळे काढा, नाहीतर रंध्याचे पाते गेलेच.

हत्यारे मोजकी: करवत, रंधा, पटाशी, गुण्या, लाकडी हातोडा. 12 मिलिमीटर जाड व 12 सेंटिमीटर रुंद फळीचे 30 सेंटिमीटरचे दोन आणि 20 सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा. कोपऱ्यांना पारव्याच्या शेपटीसारखा डव्हटेल सांधा करा. खूण चाकूच्या टोकाने करा. करवत रेघेच्या टाकाऊ बाजूने चालवा. रेघ कापली गेली की सांधा सैल झाला.

तळाची व वरची फळी खाचेत थोडी सैल बसवा, तिला सरस लावू नका. पावसाळ्यात लाकूड फुगते. जागा नसेल तर सांधे उकलतात. कोपऱ्यांना सरस लावताच दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तर पेटी काटकोनात आहे.

आता खरी कसोटी. बंद पेटीच चारही बाजूंनी कापून झाकण वेगळे करायचे. हात थरथरेल, पण असे झाकण तंतोतंत जुळते.

बिजागऱ्या लावा, चपड्याच्या पॉलिशचे पातळ हात द्या. आत सुती मखमल लावा. लोकरीने चांदी काळवंडते. मुलामुलींना सोबत घ्या. पेटीबरोबर हाताची कलाही त्यांच्याकडे जाईल.