पद्मिनीचं इंजिन पुन्हा गाडीत बसवताना

मुंबईच्या टॅक्सींमधून प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण कुर्ल्यात तयार झालेली ही गाडी काही घरांनी अजून जपली आहे, आणि कधीतरी तिचं १०८९ सीसीचं इंजिन उतरवून नव्याने बांधावं लागतंच. बोअर झाला, पिस्टन-रिंगा नव्या आल्या, पैसे खर्च झाले. आता इंजिन गाडीत जायचं, आणि घाई इथेच नडते.

गिअरबॉक्स गाडीतच आहे असं धरू. त्याच्याखाली जॅक लावा. बॉनेट आणि रेडिएटर बाहेर हवेत. क्लच प्लेट फ्लायव्हीलच्या बरोबर मध्यावर बसली पाहिजे. जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट मिळाला तर तो प्लेटमधून घालून मध्य साधावा, मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत.

चेन-कप्पीवरून इंजिन खाली येतं, मागे सरकतं आणि शेवटच्या अर्ध्या इंचावर अडतं. ही फट बोल्ट आवळून ओढून घेऊ नका. शाफ्टचे दाते प्लेटच्या खाचांसमोर आलेले नसतात, एवढंच. गाडी गिअरमध्ये टाका, क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन तसूभर फिरवा, दुसऱ्या हाताने मागे रेटत राहा. दाते जुळले की फट आपसूक मिटते. जबरदस्ती केली तर प्लेटचा मधला भाग वाकतो आणि क्लच कायमचा अडकत राहतो. मग सगळं पुन्हा उतरवायचं.

माउंटिंग, सायलेन्सर, होस, वायरी हे ओळखीचं काम. फक्त इंजिन ते बॉडी ही अर्थिंगची पट्टी विसरू नका. ती नसली तर स्टार्टरचा करंट चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते.

ऑइल, पाणी भरलं तरी लगेच चालू करायचं नाही. प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, आणि ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून फिरवा. नव्या बेअरिंगांना आगीआधी तेल मिळायला हवं. मग प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने लावा.

कॅमशाफ्ट नवा असेल तर पहिली वीस मिनिटं इंजिन आयडलवर सोडू नका, रेस थोडी वर ठेवा. कॅमला उडालेल्या तेलावरच भागवावं लागतं. रात्री गाडीखाली कोरा कागद पसरा. सकाळी डाग नेमका कुठे पडलाय ते बघा, आणि इंजिन गार असतानाच टॅपेट पुन्हा तपासा.