झांकली मूठ आणि वाटलेली विद्या

‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण अब्रूच्या बाबतींत खरी असेल. विद्येच्या बाबतींत मात्र ती धंद्यास बुडवूं शकते, असें आम्हांस वाटतें. घरांतील वडील बाईंच्या हातच्या लोणच्याची कृति कोणी वेळींच विचारून घेतली नाहीं, तर त्यांच्यामागें ती चव घरांतून जाते. मोठमोठ्या कंपन्यांचेंही असेंच आहे. अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीचा अनुभव या दृष्टीनें बोधप्रद आहे.

कागदांच्या नकला काढणारीं या कंपनीचीं यंत्रें दुरुस्त करण्यास तंत्रज्ञ ठिकठिकाणीं फिरत. दुरुस्तीचे ग्रंथ कंपनीनें त्यांस दिलेलेच होते. १९८० नंतरच्या दशकांत मानवशास्त्रज्ञ ज्यूलियन ऑर या मंडळींबरोबर हिंडले. त्यांस काय आढळलें? ग्रंथांत न सांपडणारे बिघाड हे लोक न्याहारीच्या वेळीं एकमेकांस हकिगती सांगून सोडवीत. वरवर पाहणारास ज्या रिकाम्या गप्पा वाटाव्या, तेंच त्यांचें खरें शिक्षण होतें!

या गप्पांचा लाभ सर्वांस व्हावा म्हणून १९९० नंतर ‘युरेका’ नांवाचा टिपणसंग्रह निघाला. तो प्रथम फ्रान्समध्यें रुजला. तंत्रज्ञानें आपली युक्ति लिहावी, जाणत्या सहकाऱ्यांनीं ती पारखावी, आणि मग ती सर्वांस खुली व्हावी, असा त्याचा क्रम. ब्राझीलमध्यें सुमारें ४०,००० डॉलर किंमतीचें एक यंत्र बदलून देण्याची वेळ आली होती. तोंच कॅनडांतील मॉन्ट्रियलच्या एका व्यवसायबंधूचें टिपण तेथील तंत्रज्ञाच्या हातीं पडलें, आणि डॉलराहूनही स्वस्त असा एक भाग बदलून काम भागलें!

अशा टिपणांबद्दल पैसे द्यावे, ही सूचना खुद्द तंत्रज्ञांसच रुचली नाहीं. पैशाच्या मोहानें टिपणांची संख्या वाढेल, गुण वाढणार नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. टिपणाखालीं लिहिणाराचें नांव असावें, एवढेंच त्यांस पुरेसें वाटलें.

संगणक कितीही वेगवान असला, तरी मनुष्य जें मनांत ठेवील, तें त्यास कोठून मिळणार? म्हणून नवा संगणक घेणाऱ्या आमच्या व्यापारी वाचकांनीं आधीं आपल्या जुन्या मुनिमास शेजारीं बसवून घ्यावें, आणि त्याचें ज्ञान त्याच्याच नांवानें टिपून ठेवावें. आमच्या भगिनींनींही लोणच्याची वही आजच घालावी; वर आजीबाईंचें नांव लिहिण्यास मात्र विसरूं नये!