चुकेल त्याला तारा!

शाळेत चुकलेल्या वाक्यावर लाल फुली यायची. भाषाशास्त्रात मात्र चुकलेल्या वाक्याला तारा मिळतो! वाक्याच्या सुरुवातीला * अशी चांदणी दिसली की समजायचं, असं त्या भाषेत कुणी बोलत नाही. या न बोलल्या जाणाऱ्या वाक्यांच्या जिवावर एक अख्खं शास्त्र उभं राहिलंय. त्याचं नाव जनरेटिव्ह ग्रामर, म्हणजे वाक्यं प्रसवणारं व्याकरण. मूठभर नियमांतून अगणित वाक्यं कशी निघतात आणि काही का निघत नाहीत, हे ते शोधतं. त्याच्या प्रवासातल्या या दहा चांदण्या.

१. छत्रीचा घोळ

आपण म्हणतो, 'मी छत्री हरवली', पण 'मी छत्री विसरलो'. माणूस तोच, छत्री तीच, घरची बोलणीही तेवढीच. तरी हरवताना क्रियापद छत्रीच्या मागे जातं आणि विसरताना माझ्या मागे येतं. अदलाबदल करून पाहा: *मी छत्री हरवलो. कानाला लगेच खडा लागतो. कुठली क्रियापदं कुणाच्या मागे जातात याची यादी आईने पाठ करून घेतली नव्हती, तरी पोर शाळेत जायच्या आधी बरोबर बोलतं. हे आपल्याला येतं, पण कसं येतं ते सांगता येत नाही. त्या 'कसं'चे नियम लिहून काढणं, हाच या शास्त्राचा उद्योग.

२. चांदोबाच्या वयात प्रुफं

या शास्त्राचे प्रवर्तक नोम चॉम्स्की १९२८ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात जन्मले. वडील विल्यम चॉम्स्की हिब्रू व्याकरणाचे जाणकार. डेव्हिड किम्ही या मध्ययुगीन हिब्रू वैयाकरणावर त्यांनी काम केलं होतं. आपल्याकडची मुलं ज्या वयात चांदोबा वाचायची, त्या वयात नोम या कामाची प्रुफं वाचत होते. पुढे १९५१ मध्ये एम.ए.चा प्रबंध लिहिला, तोही आधुनिक हिब्रूवरच.

३. मधुचंद्राला नेलेलं व्याकरण

१९५७ मध्ये हेगच्या माउटन प्रकाशनाने चॉम्स्कींचं 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' छापलं. सव्वाशे पानंही भरणार नाहीत एवढं पातळ पुस्तक, आणि तेही विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या टिपणांवरून केलेलं. त्यामागचं भलंमोठं हस्तलिखित १९५५ सालीच तयार होतं, पण ते छापून यायला १९७५ उजाडलं. पातळ पुस्तकाने तोवर जग फिरून घेतलं होतं. संगणकशास्त्रातले दिग्गज डोनाल्ड नुथ यांनी तर ते १९६१ मध्ये चक्क मधुचंद्राला सोबत नेलं. ही कबुली त्यांची स्वतःचीच. पत्नीचं त्यावर काय म्हणणं होतं, ते त्यांनाच ठाऊक!

४. फळकुटांचा राजवाडा

हे सगळं कुठे घडलं? एमआयटीच्या 'बिल्डिंग २०' मध्ये. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या संशोधनासाठी १९४३ साली घाईघाईने उभारलेली ही लाकडी, तात्पुरती इमारत. लोक तिला 'प्लायवूड पॅलेस' म्हणत. चॉम्स्की आणि त्यांचे सहकारी मॉरिस हाले यांचं भाषाशास्त्र याच फळकुटांमध्ये वाढलं. युद्ध संपलं की पाडायची होती, ती पडली १९९८ साली. 'तात्पुरतं' या शब्दाचा अर्थ फक्त आपल्याच सरकारी कचेऱ्यांत ताणला जातो असं नाही.

५. झोपलेल्या हिरव्या कल्पना

त्या पातळ पुस्तकातलं एक वाक्य अजरामर झालं. त्यात काही कल्पना आहेत. त्यांना रंग नाही, तरी त्या हिरव्या आहेत आणि संतापाने झोपल्या आहेत. अर्थ शून्य, व्याकरण चोख! तेच शब्द उलट क्रमाने लावले की नुसता ढिगारा. मुद्दा एवढाच, की वाक्य 'बरोबर' असणं आणि त्याला अर्थ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चॉम्स्कींचं म्हणणं होतं, की दोन्ही वाक्यं याआधी कुणी ऐकलेली नाहीत, त्यामुळे आकडेवारीने त्यांच्यातला फरक कळणार नाही. २००० साली फर्नांडो परेरा यांनी वर्तमानपत्री मजकुरावर शिकवलेलं मॉडेल वापरून हिशेब मांडला, तर सरळ वाक्य उलट्यापेक्षा सुमारे दोन लाख पटींनी संभाव्य निघालं.

मराठीत हा प्रयोग जरा अवघड. 'रागीट शून्य हळूच शिट्टी विणतं' हे उलटं करा: 'विणतं शिट्टी हळूच शून्य रागीट'. कुठला तरी दिवाळी अंक कविता म्हणून छापेलही!

६. उधारी फेडणारे पाणिनी

१९६५ च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत चॉम्स्कींनी पाणिनींच्या व्याकरणालाही याच अर्थाने 'जनरेटिव्ह' म्हटलं. कारण अष्टाध्यायी म्हणजे सुमारे चार हजार सूत्रांचं यंत्रच. 'अति' आणि 'अंत' मिळून 'अत्यंत', 'सु' आणि 'आगत' मिळून 'स्वागत'. असे सगळे संधी पाणिनी तीन शब्दांच्या एका सूत्रात उरकतात. शेवटचं सूत्र तर नुसतं दोनदा 'अ'. 'अ' आणि 'आ' उच्चारात हुबेहूब जोडीदार नाहीत. नियम सुटसुटीत व्हावेत म्हणून पाणिनी ग्रंथभर त्यांना तसं मानून चालतात आणि शेवटच्या ओळीत 'अ'ला त्याचा खरा उच्चार परत देतात. उधारी घेतली, ती दुकान बंद करता करता चुकती केली! प्रोग्रॅमिंगच्या भाषांचे नियम लिहायची जॉन बॅकस यांची पद्धत पाणिनींच्या इतकी जवळ निघाली, की १९६७ मध्ये पी. झेड. इंगरमन यांनी तिला 'पाणिनी-बॅकस' म्हणावं असं सुचवलं.

७. पुंगीवाला आणि पोहे

हॅमेलिनचा पुंगीवाला आठवतो? तो व्याकरणातही आहे. इंग्रजीत प्रश्न विचारताना प्रश्नशब्द वाक्याच्या पुढे पळतो आणि कधी कधी आजूबाजूचे शब्दही उंदरांसारखे त्याच्यामागे निघतात. या प्रकाराला जॉन रॉस यांच्या १९६७ च्या एमआयटीतल्या प्रबंधापासून 'पाइड पायपिंग' म्हणतात. वाक्यातल्या काही जागांमधून मात्र शब्द बाहेर पडूच शकत नाही. रॉस त्यांना 'बेटं' म्हणतात. 'अँड'ची जोडी हे असंच एक बेट: *व्हॉट डिड यू ईट पोहे अँड? इंग्रज असं मेला तरी विचारणार नाही. आपण मात्र मजेत विचारतो, 'पोहे आणि काय खाल्लंस?' कारण आपला 'काय' जागचा हलतच नाही. बेट सोडायचंच नसेल, तर होडी कशाला हवी?

८. शिव्यांचं शास्त्रशुद्ध पृथक्करण

साठीच्या दशकाच्या अखेरीस चॉम्स्कींच्याच गोटात फूट पडली. वाक्याच्या मुळाशी रचना की अर्थ, यावरून इतकी जुंपली की त्या काळाला पुढे 'भाषाशास्त्रातली युद्धं' असं नाव पडलं. बंडखोरांतले जेम्स मॅकॉले भलतेच खट्याळ. 'क्वांग फुक डाँग' या बनावट व्हिएतनामी नावाने त्यांनी इंग्रजी शिव्यांच्या वाक्यांत कर्ता असतो की नसतो, यावर गंभीर चेहऱ्याने लेख लिहिला. लेखकाची संस्थाही हनोईतली आणि बनावट. तिच्या आद्याक्षरांतून काय तयार होतं, ते इथे न छापलेलंच बरं. गंमत म्हणजे त्यातला युक्तिवाद अस्सल होता. याच गृहस्थांनी १९८४ मध्ये चिनी हॉटेलांतली मेनूकार्डं वाचता यावीत म्हणूनही एक पुस्तक लिहिलं.

९. निम, संत्रं आणि म्हैस

माकडाला वाक्य करता येतं का? हे पाहायला कोलंबिया विद्यापीठाच्या हर्बर्ट टेरेस यांनी १९७३ मध्ये जन्मलेल्या एका चिंपांझीला खुणांची भाषा शिकवली. त्याचं नाव निम चिंप्स्की. टोमणा कुणाला होता ते सांगायला नको. निम पुष्कळ खुणा शिकला. त्याचं सर्वांत लांब 'वाक्य' १६ खुणांचं होतं, पण त्यात संत्रं, दे, मला, खा, तू हेच फिरून फिरून. १९७९ मध्ये टेरेस यांनीच निकाल दिला: हे वाक्य नव्हे, बरंचसं शिक्षकांचं अनुकरण.

आपण मात्र 'राजूच्या मामाच्या मित्राच्या शेजाऱ्याची म्हैस' अशी आगगाडी हवी तेवढी लांबवतो. नियम एकच, तो स्वतःच्याच पोटात पुन्हा पुन्हा शिरतो. २००५ साली डॅनियल एव्हरेट यांनी ॲमेझॉनच्या जंगलातल्या पिराहा भाषेत ही सोय नाही, असा दावा केला. म्हणजे तिथे आधी 'राजूला मामा आहे' म्हणायचं आणि मग त्या मामाची म्हैस सोडायची. २००९ मध्ये तीन भाषाशास्त्रज्ञांनी त्यांचे पुरावे सविस्तर खोडून काढले. भांडण अजून मिटलेलं नाही.

वाक्यांचा हा गुण इतका मोहक, की १९८४ चे वैद्यकातले नोबेल विजेते नील्स येर्ने यांनी आपल्या नोबेल व्याख्यानाचं नावच ठेवलं 'रोगप्रतिकार यंत्रणेचं जनरेटिव्ह ग्रामर'. मोजक्या सामग्रीतून अगणित अँटिबॉडी घडवणारं शरीर त्यांना वाक्यं घडवणाऱ्या माणसासारखं वाटलं.

१०. शालू कुणाला हसते?

शेवटची चांदणी घरची. 'लीलाला वाटतं, शालू स्वतःला हसते.' इथे शालू शालूलाच हसते. आता एक शब्द बदला: 'लीलाला वाटतं, शालू आपल्याला हसते.' आता ती लीलाला हसू लागली! 'स्वतः' आपला धनी जवळच शोधतो, तर 'आपण' शेजारच्या शालूला ओलांडून पलीकडच्या लीलाकडे जातो. चॉम्स्कींच्या १९८१ च्या सिद्धांतानुसार अशा शब्दांना धनी जवळपासच मिळायला हवा. काशी वली यांनी मराठीतल्या या जोडीवर बारकाईने लिहिलं, आणि आपला 'आपण' जगभरच्या भाषाशास्त्राच्या चर्चेत जाऊन बसला.

काहीही करा, त्या वाक्यात 'आपल्याला' म्हणजे शालू होत नाही. झालं तर तारा! पण तिसरा एक अर्थ मात्र बिनताऱ्याचा निघतो: शालू लीलाला हसतच नाहीये. ती तुम्हाला आणि मला हसतेय, साध्या छत्रीवरून इतकं डोकं चालवतो म्हणून.