एकच दार, कामे अनेक

'बाई, कासव शेपटीकडून श्वास घेतं म्हणे, खरं का?' असा प्रश्न आला की वर्गात हशा पिकतो आणि शिक्षकांनाही तो टाळावासा वाटतो. पण प्रश्न चांगला आहे. 'काही कासवे घेतात' हे त्याचे उत्तर. ते समजण्यासाठी कासवाच्या शेपटीखालचे एकुलते एक दार नीट पाहायला हवे.

आपल्या शरीरात विष्ठेचा मार्ग वेगळा, मूत्राचा वेगळा. स्त्रियांत प्रजननमार्गाचे द्वारही स्वतंत्र असते. कासवात मात्र आतडे, मूत्रवाहिन्या आणि प्रजननवाहिन्या एकाच पोकळीत उघडतात. हा अवस्कर. बेडकाच्या पाठात तो भेटलेला असतोच. साप-सरड्यांनाही तो असतो, पण त्यांचे अवस्करद्वार म्हणजे आडवी फट. कासवाचे द्वार उभे किंवा गोलसर असते. कासवाला मूत्राशय आहे, मात्र मूत्र थेट त्यात पडत नाही. ते आधी अवस्कराच्या बाजूला येते आणि तेथून वळून मूत्राशयात शिरते! नराचे शिश्नही अवस्करातच दडलेले असते. त्यावरच्या खोबणीतून फक्त शुक्रद्रव वाहते, मूत्र नाही. नराची शेपूट सहसा जाड असते व द्वार टोकाकडे सरकलेले असते; मादीत ते कवचाच्या कडेजवळ असते. (हे चित्रावरूनच दाखवावे. आपली कासवे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत.)

आता श्वासाकडे येऊ. गोड्या पाण्यातील अनेक कासवांत अवस्कराला दोन पिशव्या जोडलेल्या असतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये फिट्झरॉय नदीच्या खोऱ्यात आढळणाऱ्या कासवात या पिशव्या मोठ्या असून त्यांच्या आतल्या भिंतीवर रक्तवाहिन्यांनी भरलेल्या तंतूंची दाट झालर असते. हे कासव द्वार उघडे ठेवून पाणी आतबाहेर खेळवते. गरजेच्या सुमारे दोन-तृतीयांश ऑक्सिजन त्याला असा मिळू शकतो, म्हणून ते कित्येक दिवस वर येत नाही. ही सोय खळाळत्या पाण्यासाठी आहे. बंधारा घातला की पाणी साचते, त्यातला ऑक्सिजन घटतो आणि कासवाला वारंवार वर यावे लागते. पिल्लांच्या दृष्टीने तर प्रत्येक फेरी म्हणजे शत्रूच्या तोंडी जाण्याचा धोका.

आपल्या विहिरी-तळ्यांतल्या मऊ पाठीच्या कासवाला या पिशव्या नाहीत. त्याला नाक वर काढावेच लागते. थोडा ऑक्सिजन त्वचेतून आणि घशाच्या अस्तरातून मिळतो एवढेच.

याच कुळातल्या चिनी कासवाने तर उलटाच प्रकार केला आहे. सिंगापूरच्या संशोधकांना २०१२ मध्ये दिसले, की त्याचा जेमतेम ६ टक्के युरिया मूत्रावाटे जातो. बराचसा तोंडावाटे! पाण्याबाहेर ठेवलेली कासवे डबक्यात डोके बुडवून चक्क चूळ भरत होती. मचूळ पाण्यात राहताना हे सोयीचे पडते. मूत्रावाटे युरिया टाकायचा तर खारे पाणी भरपूर प्यावे लागेल. चूळ भरायला पाणी गिळावे लागत नाही.