धूळ धरणारी वीज

भूमच्या खव्याचे कौतुक आपण सगळेच करतो. भट्टीपुढे बसणाऱ्याच्या छातीत किती धूर जातो, ते त्याचे त्यालाच ठाऊक.

पीठ चाळावे तसा मास्क धूळ चाळतो, अशी आमचीही समजूत होती. ती चुकीची. एन-९५ मास्कच्या मधल्या थरात पॉलिप्रोपिलीनचे बारीक तंतू असतात. त्यांच्यामधल्या फटी बारीक कणांहून कितीतरी मोठ्या असतात. नाहीतर श्वासच घेता आला नसता. कण धरते ती वीज. थंडीत कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, तीच ही स्थिर वीज. मात्र कंगव्याची घटकेत उतरते, तंतूंतली टिकून राहते. जपानच्या एगुचींनी १९१९ च्या सुमारास मेण व राळ विजेच्या दाबाखाली गोठवून अशी टिकाऊ वीज साठवली होती. तंतूंवर ती भरण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठातील पीटर त्साय यांच्या कामातून १९९५ साली निघाले. शेकडा ९५ कण अडतात, ते या विजेच्या बळावर.

२०२० साली एका जिनिंगात माणशी एकच मास्क मिळाला, 'साबणाने धुऊन वापरा' या सूचनेसह. वाटाघाटीत आम्हीच ते मान्य केले होते! साबणाने, स्पिरिटने ही वीज निकामी होते. मास्क स्वच्छ दिसतो, पण बारीक धूळ आत जाते. हे कळल्यावर नव्या मास्कची मागणी आम्ही पुन्हा मांडली.

भट्टीतला कार्बन मोनॉक्साइड मात्र वायू आहे. त्याला ही वीज धरत नाही. तिथे धुराडेच हवे.