पोराच्या हातातला मोबाइल

मी काही मोठा विद्वान नव्हे. जुना मॅट्रिक. छत्तीस वर्षे मास्तरकी केली आणि हेडमास्तर होऊन घरी आलो. आता संध्याकाळी ओट्यावर बसतो. येणारे-जाणारे टेकतात, सुखदुःखाचं बोलतात. हल्ली त्यांची एकच तक्रार असते. "गुरुजी, पोरगं सारा दिवस मोबाइलमध्ये तोंड घालून बसतं. शिकतंय का बिघडतंय, काही कळत नाही."

तक्रार खरी आहे. पण हे कळत का नाही, ते आधी पाहू या.

पूर्वी मुलाच्या हातात पुस्तक दिसले, की तो अभ्यास करतो आहे असे समजावे. विटी-दांडू दिसला, की खेळतो आहे. खुरपे दिसले, की काम करतो आहे. आई चुलीपुढून एक नजर टाकी आणि तिला सारे कळे. आता पुस्तक, विटी-दांडू आणि खुरपे ही तिन्ही एकाच चपट्या डबीत जाऊन बसली आहेत. मुलगा गणित सोडवो, खेळ खेळो, नाहीतर कुणाचा अर्ज भरो. बाहेरून एकच दिसते. मान खाली आणि बोट काचेवर.

म्हणून आपण फसतो. कधी अभ्यासाला खेळ समजतो, कधी खेळाला अभ्यास समजतो. या दोन्ही चुका मी आमच्या गावात पाहिल्या. नावे सांगत नाही. ती माणसे आपलीच आहेत.

दोन घरे, दोन चुका

पहिले घर एका शेतकऱ्याचे. मुलगा बारावी होऊन तालुक्याच्या कॉलेजात गेला. एके रात्री बाप पिकाला पाणी देऊन अकरा वाजता घरी आला. पाहतो तर मुलगा अंथरुणात मोबाइल घेऊन जागा. बाप दिवसभराचा दमलेला. त्याने मोबाइल हिसकावला आणि कपाटात टाकून कुलूप लावले. मुलगा रोज सांगत होता, "आबा, शिष्यवृत्तीचा फारम भरायचा आहे." आबांना वाटले, हा बहाणा आहे.

दुसऱ्याच्या मोबाइलवरून अर्ज भरता आला नसता का? नाही. अर्ज भरताना आधारला जोडलेल्या नंबरावर सहा आकड्यांचा एक अंक येतो. त्याला ओटीपी म्हणतात. तो एकदाच चालतो. तो अंक घातल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. आणि तो नंबर होता आबांच्या कपाटात! आठ दिवसांनी कुलूप उघडले, तेव्हा मुदत संपली होती. त्या वर्षाची फी बापाने उसनवारी करून भरली. माझ्याकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, त्या रात्री काचेवर काय लिहिलंय ते मला वाचता आलं असतं, तर मी कुलूप लावलं असतं का हो?"

दुसरे घर एका विधवा बाईचे. दोन म्हशी, डेअरीला दूध. दुधाचा पैसा बँकेत जमा होई. खाते मोबाइलला जोडलेले. मोबाइल सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात. ही गोष्ट २०२४ सालची. मुलगा रात्री उशिरापर्यंत जागे. आई शेजारणींना कौतुकाने सांगे, "माझा बाळ लई अभ्यास करतो."

बाळ पैसे लावून पत्ते खेळत होता. पहिल्या दिवशी त्याला पन्नास रुपये मिळाले. मग शंभर गेले. गेलेले परत मिळवायला दोनशे लावले. असे करता करता दोन महिन्यांचा दुधाचा पैसा गेला. पैसे गेल्याचे बँकेचे निरोप त्याच मोबाइलवर येत होते. पण आईला वाचता येत नव्हते. पेंड आणायला पैसे काढायला गेली, तेव्हा बँकेत कळले. बाई खाली बसली. तिने मुलाला मारले नाही. घरी येऊन म्हशीच्या गळ्यात पडून रडली. ते पाहून मुलगा जो हबकला, तो सुट्टीभर वीटभट्टीवर कामाला गेला आणि त्याने पैसे फेडले.

ती बाई आता आपल्या साक्षरतेच्या वर्गात येते. पहिल्याच दिवशी म्हणाली, "गुरुजी, ग म भ न मागनं शिकवा. आधी बँकेचा मेसेज वाचायला शिकवा."

नातीच्या दिवसाचा हिशेब

आता विद्यार्थी मोबाइलवर दिवसभर करतो तरी काय? मी माझ्या नातीला विचारले. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. सकाळी एसटीने जाते, दुपारी येते. संध्याकाळी दोन तास झेरॉक्सच्या दुकानात मराठी टायपिंग करते. त्यातून पासाचे आणि वह्यांचे पैसे सुटतात.

मी म्हणालो, "पोरी, आजचा मोबाइलचा हिशेब दे." ती म्हणाली, "आजोबा, मी कशाला देऊ? मोबाइलच देतो की!" आणि तिने मला एक पान उघडून दाखवले. कोणत्या कामाला किती मिनिटे गेली, ते तिथे लिहिलेले होते. मी वहीत उतरवून घेतले:

कॉलेजचे निरोप — २० मिनिटे
अभ्यासाचे व्हिडिओ — ४० मिनिटे
लुडोचा खेळ — ३५ मिनिटे
मैत्रिणींशी गप्पा — २५ मिनिटे
छोटे छोटे व्हिडिओ — ११० मिनिटे

बेरीज झाली ३ तास ५० मिनिटे. मला वाटले होते, वेळ खेळात जात असेल. वेळ गेला होता छोट्या व्हिडिओंत. नातही चकित झाली. "आजोबा, मी तर दहाच मिनिटं पाहिले असं वाटलं!" ती खोटे बोलत नव्हती. तिला खरोखरच तसे वाटले होते.

हे पान आपल्यालाही पाहता येते. बऱ्याच फोनांत 'सेटिंग' उघडले की 'डिजिटल वेलबीइंग' असे पान असते. काही फोनांत त्याचे नाव 'स्क्रीन टाइम' आहे. फोनची भाषा मराठी करून घ्या. मुलालाच सांगा, तो एका मिनिटात करून देईल. मग आपण वर्गात शिकलेली अक्षरे आणि आकडे इथे कामाला येतात.

वेळ जातो कसा?

व्हिडिओ फुकट दिसतो. मग तो दाखवणाऱ्या कंपनीला काय मिळते? तिला जाहिरातीचे पैसे मिळतात. आपण जितका जास्त वेळ पाहू, तितक्या जास्त जाहिराती दिसतात. म्हणून एक व्हिडिओ संपला की दुसरा तयारच असतो. जत्रेतला तमाशा पहाटे तरी संपतो. हा संपतच नाही. पाटाचे पाणी कुणी अडवल्याशिवाय थांबत नाही, तसेच हे आहे. बांध आपणच घालायचा.

खेळांचेही तसेच. पहिल्या पायऱ्या सोप्या असतात. जिंकले की उत्साह वाढतो. पुढे अवघड होते. 'रोज आलास तर बक्षीस' असे आमिष असते. चार मित्र मिळून खेळत असतात, त्यामुळे मध्येच उठणे जिवावर येते.

तरी खेळ मुळात वाईट नाही. अभ्यास करून शिणलेल्या मुलाने अर्धा तास खेळावे. मैदानावर खेळला तर फारच चांगले. पण पैसे लावून खेळ मात्र नको. तो जुगार आहे, मग तो पारावर बसून खेळा नाहीतर काचेवर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणे आणि त्यांची जाहिरात करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. तरी कायदा झाला म्हणजे साऱ्या चोरवाटा बुजल्या, असे समजू नका. घरातल्या पैशाचा पिन मोठ्यांनी आपल्याजवळ ठेवावा. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. कुणी फोनवरून फसवून पैसे नेले, तर लगेच १९३० या नंबरावर कळवावे.

अभ्यास झाला हे कसे ओळखावे?

२०२० साली मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद पडल्या. तेव्हापासून अभ्यास मोबाइलवर आला आणि शाळा उघडल्या तरी राहिला. हे वाईट झाले नाही. खेड्यातल्या मुलाला शिकवणी परवडत नाही. त्याला न समजलेले गणित तो मोबाइलवर चार वेळा पाहू शकतो. मास्तर चिडत नाही, फी मागत नाही.

पण पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. पोहणे काठावरून पाहिले म्हणून कुणाला पोहता येत नाही. आता तर प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारी सोयही मोबाइलवर आहे. तिचे उत्तर कधी बरोबर असते, कधी साफ चूक. मुलगा ते वहीत उतरवतो. वही भरते, डोके रिकामेच राहते.

आपण शिकलेले नाही, मग आपल्याला हे कसे कळणार? अगदी सोपी युक्ती सांगतो. रात्री जेवताना मुलाला म्हणा, "मोबाइल ठेव, वही मीट. आज काय शिकलास ते मला समजेल असं सांग." त्याला सांगता आले, तर अभ्यास झाला. अडखळला, तर पुन्हा वाचायला लावा. छत्तीस वर्षांत मला याहून चांगली परीक्षा सापडली नाही. आणि ती घ्यायला मास्तर व्हावे लागत नाही.

शिकता शिकता काम

काही जणांना वाटते, मुलाने काम केले की शिक्षण बुडते. तसे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या वसतिगृहांतली गोरगरिबांची मुले अंगमेहनत करत आणि शिकत. आजही आपल्या राज्यातल्या अनेक कॉलेजांत 'कमवा व शिका' योजना आहे. मुले बागेत, ग्रंथालयात, कचेरीत काही तास काम करतात आणि खर्चाला हातभार लावतात. आपल्या मुलाच्या कॉलेजात ती आहे का, याची चौकशी करा. घामाचे शंभर रुपये हातात पडले, की मुलगा ते खेळात उडवताना दहा वेळा विचार करतो.

एका गावाने काय केले?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तिथे २०२२ सालापासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. भोंगा वाजला की घराघरांत टीव्ही आणि मोबाइल बंद. मुले अभ्यासाला बसतात. साडेआठला पुन्हा भोंगा होतो. आशाताई, अंगणवाडीच्या ताई आणि शिक्षक घरोघर फिरले आणि लोकांना समजावले. यातली मोठी गोष्ट कोणती? नियम मुलांना एकट्यांना नव्हता. आईने मालिका बंद केली, बापाने मोबाइल खाली ठेवला. मग मुलांनी ऐकले.

आपल्या घरी काय करावे?

भोंगा नसला तरी चालेल. घरात एवढे करावे.

संध्याकाळचा दीड तास साऱ्यांनीच मोबाइल बाजूला ठेवावा. अभ्यासाला मोबाइल लागलाच, तर मुलाने ओसरीवर, सर्वांसमोर बसावे.

रात्री मोबाइल अंथरुणात नसावा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते. मोबाइल फडताळात ठेवावा, कुलूप मात्र लावू नये!

आठवड्यातून एकदा मोबाइलचा हिशेब मुलाबरोबर बसून वाचावा. चोरून नव्हे, समोर बसून. आपलाही हिशेब त्याला दाखवावा.

आणि मुलीच्या हातातून मोबाइल काढून मुलाला देऊ नये. अर्ज, निकाल आणि अभ्यास तिलाही आहे.

बंधूंनो आणि भगिनींनो, परवा ते आबा माझ्या ओट्यावर आले. आता ते वर्गात नेमाने येतात. म्हणाले, "गुरुजी, काल रात्री पोरगं पुन्हा मोबाइल घेऊन बसलं होतं. मी जवळ गेलो. काचेवरची अक्षरं जुळवली. 'परी-क्षेचे वे-ळा-प-त्रक.' मग मी काही बोललो नाही. कंदील, आपलं, दिवा मोठा केला आणि झोपलो."

मला फार बरे वाटले. मुलावर विश्वास ठेवावा. पण वाचून, पाहून ठेवावा. त्यासाठीच तर आपण अक्षरे गिरवतो आहोत.