ऑल्ट-सी दिसत नाही

सेल्स व्हाउचर उघडायला एफ८. पार्टीचे खाते नसेल तर तिथल्या तिथे उघडायला ऑल्ट-सी. सगळे बरोबर असले की कंट्रोल-ए. टॅलीवर वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाची बोटे हे इतक्या झरझर करतात की शेजारी बसून बघणारासुद्धा मागे पडतो. याच कामाचे स्क्रीन रेकॉर्डिंग बघा : खिडक्या आपोआप उघडतात, मिटतात, आकडे उमटतात आणि बिल तयार होते. माउसचा निदान बाण तरी दिसतो. कीबोर्डवर काय घडले त्याची पडद्यावर खूणही राहत नाही.

कोल्हापुरात शेतीपंप, पाइप आणि ठिबकचे साहित्य घाऊक विकणाऱ्या एका पेढीसाठी मी अशी रेकॉर्डिंग करते. सांगलीच्या शाखेत नवीन मुलगा लागला की अकाउंट्सच्या ताईंनी त्याला फोनवर शिकवायचे, ही आधीची पद्धत होती. आता त्याला व्हिडिओ जातात. त्यासाठी ओबीएस स्टुडिओ हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर पुरते. दाबलेली कळ पडद्याच्या कोपऱ्यात दाखवणारे छोटे प्रोग्रॅमही मिळतात. कळांचा प्रश्न तेवढ्यावर सुटतो.

नजरेचा मात्र सुटत नाही. निपाणीच्या एका गिऱ्हाइकाचे बिल ताई करत होत्या. करांची खाती निवडण्याआधी त्या क्षणभर थांबल्या. मी विचारले, “ताई, आत्ता काय बघितलंत?”

“कुठं काय? नंबर बघितला की.”

“कुठला?”

“जीएसटीचा. एकोणतीस आहे. माल पण तिकडंच उतरणार. मग आयजीएसटी नको लावायला?”

जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचा २७, कर्नाटकाचा २९. निपाणी कोल्हापूरहून जवळ, बोलणे-चालणे मराठीत, पण कराच्या हिशेबात दुसरे राज्य. सांगलीच्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी, निपाणीच्या बिलावर आयजीएसटी. रेकॉर्डिंगमध्ये यातले काय आले? एक यादी उघडली आणि तीतून आयजीएसटी निवडला, एवढेच. बिल त्यामुळेच झाले हे खरे, पण कशामुळे तेच निवडले, ते ताईंच्या डोळ्यांत राहिले. मुलगा हे बघून प्रत्येक बिलाला आयजीएसटी लावेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

म्हणून रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी मी ताईंना एकच विनंती करते : काय दाबता ते नका सांगू, कुठे बघता ते सांगा. पहिल्या खेपेला त्या अवघडतात. मग रंगतात, आणि मी विचारलेही नसते असे काही बोलून जातात. पत्ता निपाणीचा असला तरी माल कागलच्या शेतावर उतरायचा असेल तर आधी फोन करून विचारायचे, हे असेच कळले. ताई थांबतात ती जागा मी व्हिडिओ कापताना कधीच काढत नाही. ‘हा भाग रिकामा आहे, उडवा’ असे बघणारे म्हणतात. पण विचार तिथेच चाललेला असतो.

खऱ्या कंपनीच्या डेटावर मी रेकॉर्डिंग करत नाही. टॅलीत ‘सराव’ नावाची वेगळी कंपनी उघडून तीत बनावट पार्ट्या भरून ठेवल्या आहेत. एका उघड्या खिडकीत कुणाची उधारी किती, कुणाला काय भाव, सगळे दिसते. जीएसटी क्रमांकात तर तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंत माणसाचा पॅनच असतो. व्हॉट्सअ‍ॅप वेब आधी बंद. स्क्रीनशॉटमध्ये काही झाकायचेच असेल तर अंधुक न करता अपारदर्शक काळा चौकोन टाकायचा, कारण अंधुक केलेल्या आकड्यांचा माग काढता येतो. २०२३ मध्ये तर विंडोजच्या स्निपिंग टूलमध्ये असा दोष सापडला होता की चित्र कापून त्याच फाइलवर सेव्ह केले तर कापलेला भाग फाइलच्या शेपटीत शिल्लक राहायचा. दोष दुरुस्त झाला. माझी धास्ती गेलेली नाही.

तांत्रिक बाजू त्या मानाने सोपी. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात. सेकंदाला ३० चित्रे जशीच्या तशी साठवली तर दर सेकंदाला १८ कोटी बाइटपेक्षा जास्त जागा लागेल. पण टॅलीचा पडदा बहुतेक वेळ स्थिर असतो आणि व्हिडिओत मुख्यतः बदललेला भागच नोंदवला जातो, त्यामुळे फाइल लहान होते. रंगांचा तपशील मात्र सहसा कमी करून साठवला जातो, म्हणून बारीक लाल अक्षरे फुटतात. अक्षरे मोठी ठेवणे हाच त्यावरचा माझा उपाय. आणि फाइल एमकेव्हीत घ्यायची. साध्या एमपी४ ची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते; मध्येच वीज गेली तर सगळे रेकॉर्डिंग हातचे जाते. एमकेव्हीत तोवरचे वाचते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. ठिबकच्या साहित्यावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, आणि आमचे चांगले जमलेले व्हिडिओ एका दिवसात चुकीचे ठरले. ते शाखेच्या फोल्डरमधून काढले आणि पुन्हा बसलो. आता प्रत्येक फाइलच्या नावात तारीख असते, आणि नावही मुलगा शोधेल त्या शब्दांत : ‘निपाणीचे बिल’. ताई हल्ली दर तोंडाने सांगतच नाहीत. वस्तूचे खाते उघडतात, दर कुठे भरलेला असतो ती ओळ दाखवतात, आणि ‘हितं बघ, मग लाव’ म्हणून पुढे जातात.